हवा मोजणारं मीटर

धुळ्याच्या उन्हात स्ट्रॉबेरी पिकवायची, असं स्वप्नीलनं मनावर घेतलं. घराचा मागचा ओटा चहूबाजूंनी बंद करून त्यानं झाडांची खोली केली आणि झाडं जोमानं वाढावीत म्हणून कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर बसवलं. गॅस बाहेर जाऊ नये म्हणून ओट्याकडे उघडणारी स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी त्यानं बुजवून टाकली. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखाही काढून झाडांच्या खोलीत लावला.

काम जोखमीचं, म्हणून आईला, भिकुबाईला, तो रोज बजावायचा. "हे मीटर हवा मोजतं. ते वाजलं की आधी दार उघडायचं, पंखा लावायचा आणि बाहेर पडायचं. जीव जातो गं आई, हसू नको."

भिकुबाईनं खोकत खोकत सगळं पाठ केलं. तिचा खोकला दोन महिन्यांपासूनचा. स्वप्नील म्हणायचा, वयानं होतं असं.

रविवारी त्यानं मीटर चार्जिंगला स्वयंपाकघरात लावलं. दोन्ही शेगड्या पेटलेल्या होत्या, भरताची वांगी भाजत होती. एकाएकी मीटर केकाटायला लागलं.

"स्वप्नील, यंत्र वाजी ऱ्हायनं रे!" भिकुबाई घाबरून ओरडली.

स्वप्नील धावत आला. त्यानं मीटरवरचा आकडा पाहिला, मग पदर नाकाला लावून उभी असलेली आई पाहिली.



"धुरानं खराब होईल हे," म्हणत त्यानं मीटर उचललं, आणि धूर झाडांकडे जाऊ नये म्हणून जाताना स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.