खिसे सांभाळा

“ओरडणं बंद करा, नाहीतर उद्यापासून तिकीटखिडकीत बसा,” डेपोच्या साहेबांनी सांगितलं.

कंडक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत. डेपोत त्यांना सगळे भोंगा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. थांब्यावरून बस सुटली की त्या दांडा धरून गर्जायच्या, “खिसे सांभाळा, पर्स सांभाळा, गाडीत चोर असतात!” पेंगणारा माणूसही दचकून खिसा चाचपायचा.

साहेबांचं म्हणणं, लोकांना हा अपमान वाटतो. शिवाय एवढा आरडाओरडा करूनही सगळ्यात जास्त चोऱ्या बाईंच्याच गाडीत. बाईंनी ऐकवलं, की बाकीचे कंडक्टर कानाडोळा करतात आणि त्या मात्र चोरी झाली की गाडी थेट पोलीस चौकीवर नेतात, म्हणून त्यांच्याच गाडीतल्या चोऱ्या दिसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची असेल तर खुशाल द्यावी.

मागच्या आठवड्यातली शिंपीणआजी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. कमरेला खोचलेली पुरचुंडी गेली तशी म्हातारी चालत्या गाडीत खालीच बसली. नातीच्या चष्म्याचे पैसे होते. “आत्ता तू ओरडलीस तेव्हा हात लावून बघितली गं, होती,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. त्या दिवशी बाईंना घास गिळवेना. आपणच कुठेतरी कमी पडलो, आता आणखी मोठ्यानं ओरडायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

“बदली करा साहेब,” त्या म्हणाल्या. “पण गाडीत उभी आहे तोवर माझं तोंड बंद होणार नाही. घाबरायचं तर चोरांनी घाबरावं.”

तेवढ्यात दार ढकलून बाईंच्या बसचे पाच-सहा प्रवासी आत आले. पुढे कोटवाले काका. कोट अंगात कधीच नाही, कायम घडी घालून हातावर. बसायला जागा मिळाली तरी म्हाताऱ्यांना देऊन स्वतः गर्दीत उभा राहणारा हा माणूस. शिंपीणआजीला हात धरून उठवणारेही तेच.

“बाईंना हलवलंत तर आम्ही डेपोच्या दारात बसू,” काका शांतपणे म्हणाले. “यांचा आवाज आहे म्हणून आमचं चाललंय.”

साहेबांनी हात टेकले. आपल्या बाजूनं कुणी उभं राहायची बाईंना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी बस खच्चून भरली. आजीही होती. पैसे पुन्हा जमवलेत, आज चष्मा घेणारच, असं तिनं चढताचढताच बाईंना सांगितलं. काकांनी तिला जागा मिळवून दिली आणि ते तिच्या शेजारी उभे राहिले. बाईंनी दांडा धरला, छाती भरून श्वास घेतला आणि आजवर कधी दिली नव्हती अशी आरोळी ठोकली.

गाडीभर हात हलले. कुणी मागचा खिसा चाचपला, कुणी छातीवरचा, कुणी पर्स पोटाशी घेतली. आजीनं मांडीवरच्या भाजीच्या पिशवीत पार तळापर्यंत हात घालून पाहिला आणि बाईंकडे बघून ती समाधानानं हसली.

कोटवाल्या काकांनी मात्र खिसा चाचपला नाही. ते एकेकाचे हात बघत होते. आजीच्या हातापाशी त्यांची नजर थांबली, आणि घडी घातलेला कोट हळूच तिच्या पिशवीवर सरकला.