आखूड पलंग

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा: नव्या इमारतीतला सजवलेला सॅम्पल फ्लॅट आणि तिथल्या पलंगावर ऐसपैस पहुडलेली दहा वर्षांची केतकी. तिचे बाबा दलाल. गिऱ्हाईक आलं की ते लेकीला तिथे लोळायला सांगत.

"बघा काका, एवढा पलंग मावूनही खोली केवढी मोकळी!" आजही बाबा गिऱ्हाइकाला म्हणाले.

राहतं घर विकून आलेले ते आजोबा हरखून चेकवर सही करायला बसले.

केतकीने आळस दिला, तर टाचा पलंगाबाहेर गेल्या. वर्षभरात ती वाढली होती. खोली मोठी दिसावी म्हणून बाबांनी पलंगच आखूड बनवून घेतला होता! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"गप पडून राहा," बाबा पुटपुटले.

केतकी उठली. तिने आजोबांच्या हातातलं पेन काढून घेतलं, उशी थोपटली आणि म्हटलं, "आजोबा, आधी तुम्ही झोपून बघा."