बिनवासाचं लाकूड

गुरुराजांनी तिसऱ्यांदा लेथ थांबवला. पेनाच्या अंगावरून बोट फिरवलं, खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन नाकाशी धरला. काही नाही.

रेल्वेच्या लाकूड-गोदामात त्यांनी बत्तीस वर्षं तपासणीचं काम केलं होतं. डोळे बांधले तरी साग कुठला, फणस कुठला ते सांगायचे. तिथली माणसं त्यांना ‘मूक्कु सार’, म्हणजे नाकवाले साहेब, म्हणायची. निवृत्तीनंतर चेन्नईत एग्मोरच्या घराच्या गच्चीवर ते लाकडी पेनं घडवत. प्रत्येक पेनाबरोबर लाकडाचं नाव लिहिलेलं कार्ड. नावाशिवाय एकही पेन आजवर बाहेर गेलं नव्हतं.

हा ठोकळा शेजारच्या गल्लीतल्या विद्यालक्ष्मीने आणला होता. वडिलांच्या ट्रंकेत सापडलेला, काळ्या रंगाने जाड माखलेला. वर्षश्राद्धाला तिघा भावंडांसाठी एकेक पेन हवं होतं.

“अप्पांनी एवढं जपलं ते काय, निदान नाव तरी कळू दे,” ती म्हणाली होती.

श्राद्ध उद्यावर आलं होतं. मधले पंधरा दिवस गुरुराजांच्या तापात गेले होते.

फोन वाजला. शेषाद्री, गोदामातला जुना सोबती.

“फोटो पाहिला. पिवळट, रेघा नाहीत, गुळगुळीत. वास कसा आहे?”

“नाहीच.”

“नीट घेऊन बघ की.”

“वास घ्यायला मला शिकवतोस?”

“मग मला वाटलं ते नव्हे. फोटोवरून आणखी काय सांगू, कपाळ?”

गुरुराज चिडून खाली आले. कॉफी केली. पहिल्या घोटालाच तोंड वाकडं झालं. नुसतं गरम पाणी! आठवड्यात दोन दुकानं बदलून झाली होती. कालच्या दुकानदाराला त्यांनी सुनावलंही होतं, “कॉफी देतोस की माती?”

“सार, तुमच्यासमोरच दळली ना!” तो म्हणाला होता.

बायको वसंता महिनाभर लेकीकडे कोइमतूरला होती. ती असती तर त्या दुकानदाराची धडगत नव्हती.

संध्याकाळी त्यांनी तिन्ही पेनं पुसून डब्यात ठेवली. कोरी कार्डं समोर घेऊन बराच वेळ बसले. शेवटी तिन्हींवर लिहिलं, ‘लाकूड ओळखता आलं नाही.’ खाली सही केली. अक्षर वाकडं आलं.

विद्यालक्ष्मी जिना चढून आली. डबा उघडून तिने कार्ड वाचलं आणि हसली.

“मामा, थट्टा करता काय?”

“नाही, अम्मा. हरलो मी. नाव नाही सापडलं.”

तिचं हसू थांबलं. “अय्यो मामा, चंदनाचा वास खाली गेटपर्यंत येतोय.”

गुरुराजांनी पेन नाकाशी धरलं. मग स्वयंपाकघरात गेले, कॉफीच्या डब्याचं झाकण काढलं आणि नाक पार आत घातलं. एकदा श्वास ओढला. पुन्हा ओढला.