लिहायची परवानगी

मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला कागद अजिंक्यने दोन बोटांनी सोलून काढला आणि दर्शनासमोर धरला. त्यावर तिचा पासवर्ड होता. लेकाचं नाव, पुढे एक दोन तीन.

"उद्या कपाटाची चावीही अशीच दारावर टांगा," तो म्हणाला.

दर्शना ओशाळली. विसरायला होतं म्हणून लावला, असं काहीसं पुटपुटली. अजिंक्यने कागदाचा बोळा केला आणि तिच्याच टेबलावर टाकला.

हापूस बागायतदार संघाच्या या ऑफिसात येऊन त्याला वर्ष होत आलं होतं. आधी पुण्यात चांगल्या कंपनीत होता, आणि हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचाच. ही माणसं कॉम्प्युटर घेतात तरी कशाला, हा प्रश्न मात्र त्याला वर्षभर सुटला नव्हता. शिपाई कीबोर्डवर ओलं फडकं मारायचा. कमिटीतले लोक पडद्याला बोट लावून 'हे उघड' म्हणायचे. असल्या लोकांसाठी प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे नशीबच फुटकं.

संघाचं काम सरळ होतं. ज्याची बाग संघाच्या डेटाबेसमध्ये, त्याच्याच पेटीवर संघाचा शिक्का. पण यंदा काही बागा अशा निघाल्या की जागेवर जाऊन बघावं तर नुसता कातळ. औषधाला एक कलम नाही. त्या बागांच्या नावावर कुठला तरी परमुलखातला आंबा रत्नागिरी हापूस म्हणून मुंबईला पोचला होता. बागा चढवायचं काम दर्शनाचं, आणि नोंदींवर नावही तिचंच. नवरा पाय मोडून घरी बसलेला, घर तिच्या पगारावर. म्हणून कमिटीने एकदा पोटात घातलं. आणखी एक खोटी बाग निघाली तर नोकरीही जाणार होती आणि पोलीसही येणार होते.

अध्यक्ष महिपतभाऊंनी अजिंक्यला सांगितलं, बाबा, काय ते कुलूप नीट लाव. त्याने लावलं. आता प्रोग्रॅम प्रत्येकाला आधी विचारणार, तू कोण, तुला नुसतं बघायची परवानगी आहे की लिहायचीही? बघायची सगळ्यांना. लिहायची एकट्या दर्शनाला.

"आणि तुला?" भाऊंनी विचारलं.

"मला प्रोग्रॅम विचारत नाही. मीच लिहिलाय तो. काही बिघडलं तर कोणीतरी दुरुस्त करायला हवं ना? दुरुस्ती मी करतो, नोंदीवर नाव ज्याचं त्याचंच राहतं."

"ते खरं मां," भाऊ म्हणाले. त्यांना काही कळलं असेल असं अजिंक्यला वाटलं नाही.

भाऊ पूर्णगडचे. एका बोटाने टाइप करायचे, आणि दर अक्षराला मान वर करून ते उमटलं की नाही बघायचे. मला पण काहीतरी दे रे, अध्यक्ष आहे मी, म्हणून मागेच लागले. अजिंक्यला हसू आवरेना. त्याने त्यांच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एक हिरवं बटण काढून दिलं. दाबलं की ते लाल होणार, आणि त्या माणसाची लिहायची परवानगी बंद. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं. भाऊ खूश झाले. आल्यागेल्याला बोलावून दाखवू लागले. पुढे विसरले असावेत. अजिंक्यने तरी ते पान पुन्हा उघडलं नाही.

एका सोमवारी भाऊंनी दर्शनाला आठवडाभर बागांचे फोटो काढायला बाहेर पाठवलं. बरंच झालं, अजिंक्यला वाटलं, तेवढीच डोळ्यासमोरून ब्याद गेली.

दुपारी हातखंब्याहून गौरवचा फोन आला. शाळासोबती, आता हायवेवर आंब्याच्या ट्रकचा धंदा करायचा. झालं काय रे, म्हणून विचारत होता.

"शुक्रवारी करतो," अजिंक्य म्हणाला. "इथे गाढवं हाकता हाकता दिवस जातो रे."

पुढच्या सोमवारी कमिटी बसली. अजिंक्यने स्वतःच भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नोंद दाखवली. देवरूखच्या बाजूला एक नवी बाग, कलमं तीनशे. शुक्रवारी चढलेली. खाली नाव दर्शनाचं. एक सभासद शनिवारी जागेवर जाऊन आला होता. कातळ.

मी नाही, मी ऑफिसातच नव्हते, एवढंच दर्शना म्हणत राहिली.

"मोबाईलवरूनही चढवता येतं," अजिंक्य म्हणाला. त्याला तिची कीवही आली नाही. पासवर्ड मॉनिटरला चिकटवणाऱ्या बाईची कसली कीव करायची?

"रडू नको गो," भाऊ तिला म्हणाले. मग अजिंक्यकडे वळले. "मला जरा परत समजावून सांग. परवानगी नसली तर बाग चढतच नाही?"

अजिंक्यने सुस्कारा सोडला. चौथ्यांदा तेच. बालवाडीत सांगतात तसं एकेक शब्द सुटा करून त्याने सांगितलं, "नाही चढत, भाऊ. प्रोग्रॅम आधी परवानगी बघतो. नसली तर दारातूनच परत पाठवतो. कोणीही असो."

"लिहून घ्या हो हे," भाऊ सेक्रेटरीला म्हणाले. मग त्यांनी आपला कॉम्प्युटर हळूच सगळ्यांकडे वळवला आणि एका बोटाने ते पान उघडलं. दर्शनाच्या नावापुढचं बटण लाल होतं.

"हे मी मागच्या सोमवारीच दाबलं होतं रे," ते म्हणाले. "बाग चढली शुक्रवारी. आता तूच सांग, तुझा प्रोग्रॅम विचारत नाही तो कोणाला?"