झाकलेला फोल्डर

“फोन उचल गं, पोरी.” बाबा जाण्याआधीचा त्यांचा हा शेवटचा, रेकॉर्ड झालेला निरोप. रोजचंच रडगाणं म्हणून तेव्हा तिने फोन नुसता वाजू दिला होता.

निरोप पुसवेना, ऐकवेना. सर्व्हर सांभाळणारी बाई ती. घरच्या कॉम्प्युटरवर निरोप ज्या फोल्डरमध्ये ठेवला होता, त्याच फोल्डरवर तिने रिकामी डिस्क माउंट केली, म्हणजे वरून जोडली. अशाने खालचं पुसलं जात नाही, झाकलं जातं. तिथे मग कुणाचा हात पोचत नाही.

आज डिस्क कुरकुरायला लागली, तेव्हा नवरा म्हणाला, “काढून टाक एकदाची.” तिने काढली. निरोप होता तिथेच होता. फक्त लांबला होता.

“फोन उचल गं, पोरी.” मग धाप. मग काहीतरी चाचपडल्याचा आवाज. “अंधार का केलास?”

तिचा हात आपसूक डिस्क परत जोडायला गेला.

“नको ना गं,” बाबा म्हणाले.