पानाची घडी

“इथं रक्ती आहे,” यळिनी दारातूनच म्हणाली. “परतलेल्या रक्ताचा वास येतोय.”

दहा वर्षांची पोर, पण नाक शिकारी कुत्र्याचं. मदुरैत उतरल्यापासून तिनं आणि धाकट्या कविननं मिळून दोन हॉटेलं नापास केली होती. एकात इडली-डोशापुढं गाडी जात नव्हती, दुसऱ्यातली मजल कोंबडीपाशी संपत होती. लोकांची पोरं प्रवासात आईस्क्रीम मागतात. ही मुंडी मागायची, वजडी मागायची, ससा मिळतो का विचारायची. यळिनीच्या वहीत प्रत्येक हॉटेलाला दहापैकी गुण होते.

पोरांचा बाप सेल्वरासू मात्र उंबऱ्यावरच थबकला. गल्ल्यामागच्या भिंतीवर मालकाच्या आज्याचा फोटो होता. हातात कोयता, मिशा गालाच्या वर. असली माणसं त्याला लहानपणापासून ठाऊक. गावी त्यांच्या दारावरून जाताना त्याचा बाप चपला काखेत घ्यायचा.

“दुसरीकडं बघू,” तो म्हणाला.

“का म्हणून?” बायकोनं, मलरविळीनं, विचारलं. तोवर पोरं आत घुसून मधल्या टेबलावर बसलीसुद्धा. मग तोही बसला. पोरांनी कुठल्याही गावात, कुठल्याही हॉटेलात मधल्या टेबलावर, मान वर करून जेवायचं. आयुष्यात त्यानं ठरवून केलेली एवढी एकच गोष्ट होती.

केळीची पानं पडली. पोरांनी रक्ती मागितली, भेजा मागितला, वजडी मागितली. मालक गल्ला सोडून स्वतः वाढायला आला. त्याच्याही मिशा आज्यासारख्याच.

“रक्ती मागणारं पोरगं बऱ्याच दिवसांनी बघितलं,” तो म्हणाला. “माझ्या नातवाला पिझ्झा लागतो. ही वाघाची अवलाद आहे, सर. कुठले आपण?”

“कोइमतूर.”

“ते नोकरीचं झालं. मूळचे?”

“इकडचेच.”

“इकडं म्हणजे? गाव कुठलं? आळी कुठली?”

सेल्वरासूनं भात कालवायला घेतला. मलरविळी म्हणाली, “मालक, पानात गाव वाढणार की रस्सा?”

“बाई तिखट आहेत,” मालक हसला. रस्सा वाढला, पण तिथून हलला नाही. सेल्वरासूच्या पाठीशीच उभा राहिला.

“अप्पा, जेवून झाल्यावर पान कसं मिटायचं?” कविननं विचारलं. बाजूच्या माणसाचं बघून त्याला शंका आली होती.

“आपल्याकडं. म्हणजे जेवण आवडलं, परत येऊ.”

“आणि पलीकडं मिटलं तर?”

“ते सुतकाच्या घरी. तिथं पुन्हा जेवायची वेळ येऊ नये म्हणून.”

“बरोबर शिकवलंत,” मालक मागून म्हणाला.

सेल्वरासूचं जेवण झालं. त्यानं पान आपल्याकडं मिटलं. मालकाची सावली पानावर पडली होती. सेल्वरासू उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी ते पान उचललं.

कुणी सांगितलं नव्हतं. पानं उचलणारी म्हातारी बादली घेऊन हाताच्या अंतरावर उभी होती. शहरातला माणूस उष्टं पान टेबलावर सोडतो आणि हात धुवायला जातो. कोइमतूरला वीस वर्षं तोही तेच करत आला होता. पण गावच्या हॉटेलात त्याच्या आळीच्या माणसानं आपलं उष्टं आपणच उचलून मागं टाकायचं असायचं. डोकं विसरलं होतं. हात विसरले नव्हते.

मालकानं ते हात बघितले. मग चेहरा बघितला.

“कळली आळी,” तो म्हणाला. “मागच्या दारानं जा. कुंडी तिकडं आहे.”

आता तो सरही नव्हता आणि आपणही नव्हता.

यळिनीला यातलं काही कळलं नाही. तिनं रिकामी वाटी पुढं केली. “मला अजून रक्ती पाहिजे.”

“संपली.”

“भांडं तर भरलेलं दिसतंय.”

“तुझ्यासाठी संपली.”

कविन खुर्चीवरून उतरला. बापानं केलं तेच करायचं, एवढंच त्याला ठाऊक. त्यानं आपलं पान दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या दाराकडं निघाला. रस्सा त्याच्या कोपरापर्यंत ओघळत होता.

सेल्वरासू हातातल्या पानासकट त्याच्या आडवा गेला.

“कविन. ठेव ते.”

“पण तुम्हीच—”

“चुकलो मी. ठेव.”

सेल्वरासूनं आपलं पान पुन्हा मधल्या टेबलावर ठेवलं. घडी उलगडली. खाल्लेली हाडं, सांडलेला रस्सा, सगळं मालकाच्या डोळ्यांसमोर उघडं पडलं. मग त्यानं ते पान सावकाश, आपल्यापासून लांब, पलीकडं मिटलं.

मलरविळीनं नवऱ्याकडं बघितलं आणि आपलं पान पलीकडं मिटलं. कविननंही. यळिनीनं आधी पानावरची उरलीसुरली रक्ती बोटानं पुसून खाल्ली, मग मिटलं.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा घास तोंडातच राहिला. बादलीवाली म्हातारी पुढं झाली, पानं बघितली, आणि बादली खाली ठेवून तशीच उभी राहिली. तिनं एकाही पानाला हात लावला नाही.

“भर दुपारी माझ्या हॉटेलात हे काय मांडलंय?” मालकाचा आवाज चिरकला. “कोण मेलंय इथं?”

यळिनीनं फ्रॉकला हात पुसले. वही उघडली, पेन्सिल काढली.

“थांबा,” ती म्हणाली. “लिहितेय.”