पाच पूर्णांक चार

“आजोबा, तुमचा नंबर काय?” शेजारी बाटलीतून पाणी पीत बसलेल्या गरोदर मुलीने विचारलं.

“पाच पूर्णांक चार,” पोतनीस म्हणाले.

ती खुदकन हसली. “अहो, सोनोग्राफीचा नंबर!”

“तो पोटातल्या फुग्याचा, गेल्या वर्षीचा,” म्हणत त्यांनी ओशाळून मुठीतलं टोकन पाहिलं. नऊ.

पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला आलेला फुगा दोन वर्षांपूर्वी आतून नळी बसवून बंद केला होता. तेव्हापासून तो दरवर्षी मोजायचा. गेल्या खेपेला पाच पूर्णांक चार सेंटिमीटर होता. नळीच्या कडेने रक्त गळून तो वाढला, तर पुन्हा ऑपरेशन. ते करून घ्यायचं नाही, असं पोतनिसांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं. ठरवल्यापासून भीती वाटेनाशी झाली होती, आणि तिच्याबरोबर बाकीचंही सगळं.

आत डॉक्टरीणबाईंनी पोटावर जेल लावलं. “गार लागेल हं.” लागलं नाही. “श्वास धरून ठेवा.” त्यांनी धरला. बाई पडद्यावर मापं घेण्यात गुंतल्या आणि सोडा म्हणायचं विसरल्या. पोतनीस धरूनच राहिले. मध्येच विचारणं बरं दिसलं नसतं.

“अहो आजोबा, सोडा की!” बाई दचकल्या. “चार पॉइंट नऊ. फुगा आटतोय. गळती कुठेच नाही.”

“बरं,” म्हणून ते सदऱ्याची बटणं लावत बाहेर आले.

“किती आला?” मुलीने विचारलं.

“चार पूर्णांक नऊ.”

“कमी झाला! बघा, माझ्याआधी तुमचेच पेढे!”

पोतनीस तिच्या शेजारी बसले. सदरा पोटाला चिकटला होता. आता कुठे ते जेल गार लागू लागलं.